ब्रेडशिवाय सँडविच: कार्ब कमी करायचे तर काय वापराल?

डब्यासाठी सँडविच सोपं. पण घरात कुणाला मधुमेह असेल, तर गाडी ब्रेडपाशी अडते. पांढऱ्या ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये साधारण २५ ते ३० ग्रॅम कार्ब असतात. ब्राउन ब्रेड घेतला तरी हा आकडा फारसा बदलत नाही. मग पर्याय काय?

● ऑम्लेट: दोन अंड्यांत कार्ब जेमतेम १ ग्रॅम. आत काकडी, टोमॅटो, हिरवी चटणी घालून दुमडा.

● पनीर: जाड काप तव्यावर शेका आणि दोन कापांमध्ये भाज्या भरा.

● कोबीचं पान: मिनिटभर गरम पाण्यात ठेवलं की मऊ होतं आणि न फाटता गुंडाळता येतं.

● बेसनाचं धिरडं: ३० ग्रॅम बेसनात सुमारे १७ ग्रॅम कार्ब. ब्रेडपेक्षा कमी, पण शून्य नाही. प्रोटीन मात्र ६ ग्रॅमच्या वर.

ब्रेड काढून आत उकडलेला बटाटा आणि केचप तसंच ठेवलं, तर फायदा कमी होतो.

हे लक्षात ठेवा: इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या सुरू असताना कार्ब एकदम कमी केले, तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. डोस बदलावा लागेल का, हे आधी डॉक्टरांना विचारा.