रँग्लरांचे राजकारण
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोराडीच्या आसपासच्या गावांत निवडणूक आली की पारावर दोन विषय हमखास निघतात. एक पाण्याचा, दुसरा जिल्हा परिषदेच्या शाळेचा. शाळा लोकांनी निवडून दिलेल्या माणसांच्या हाती असावी की सरकारी खात्याच्या, हा वाद आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी तो एका गणितज्ञापुढे आला होता.

ते म्हणजे रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. जन्म १८७६ चा, दापोलीजवळच्या मुर्डी गावचा. केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत. त्यांतला पहिला तो सीनियर रँग्लर. १८९९ मध्ये हा मान परांजप्यांना मिळाला, एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून. हिंदी माणसाला तो प्रथमच मिळाला होता, त्यामुळे घरोघरी त्यांचे नाव झाले. एवढे झाल्यावर हे गृहस्थ मोठ्या सरकारी नोकरीच्या मागे न लागता पुण्याला परतले आणि दरमहा ७५ रुपयांवर फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. १९०२ पासून वीसेक वर्षे ते तिथले प्राचार्य होते.

त्या काळच्या पुण्यात गणित आणि सार्वजनिक काम यांचे काय नाते होते कोण जाणे! टिळकांनी गणित शिकवले, गोखल्यांनी अंकगणिताचे पुस्तक केले, धोंडो केशव कर्वे तर गणिताचेच प्राध्यापक. परांजपे गोखल्यांच्या नेमस्त पंथाचे. त्यामुळे टिळकपक्षाच्या पुण्यात त्यांची भूमिका लोकप्रिय होणे कठीणच होते.

१९२१ मध्ये ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. ही द्विदल राज्यपद्धती. शिक्षण लोकप्रतिनिधी मंत्र्याकडे, पण तिजोरी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. म्हणजे घर चालवायचे सुनेने आणि किल्ल्या सासूच्या कमरेला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे गोखल्यांचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले होते. १९१८ च्या विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने नगरपालिकांना सक्ती करण्याची मुभा दिली, पण खेडी तशीच राहिली. परांजप्यांच्या मंत्रिपदाच्या काळात, १९२३ मध्ये, नवा कायदा झाला. त्याने खेड्यांसाठीही सक्तीची वाट उघडली आणि प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डांसारख्या स्थानिक संस्थांकडे सोपवला.

विचार सरळ होता. ज्यांची मुले, त्यांनीच शाळा पाहावी. पण मताचा हक्क तेव्हा थोड्यांनाच होता. बोर्डावर शिकलेले, जमीनजुमलेवाले बसत. ज्याच्या पोराला शाळेची खरी गरज, त्याला मतच नसे. शिवाय सक्ती करायची तर पैसा हवा, आणि तो बोर्डांकडे नव्हता. १९२९ च्या हार्टॉग समितीने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांवर फार सोपवल्याबद्दल टीका केली. १९३८ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने कायदा दुरुस्त करून काही अधिकार सरकारकडे परत घेतले. माझ्या मते परांजप्यांचे तत्त्व चुकले नव्हते. अधिकार दिला आणि पैसा दिला नाही, तिथे ते फसले. द्विदल पद्धतीचा हा अनुभव खुद्द मंत्र्यांनाही होता. १९२४ च्या मुडिमन समितीत ते होते आणि सप्रू, जिना, शिवस्वामी अय्यर यांच्याबरोबर त्यांनी वेगळा, अल्पमताचा अहवाल दिला. ही पद्धत मुळातच चालण्याजोगी नाही, असा त्याचा रोख होता.

पुढे ते लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर होते. स्वतः कट्टर बुद्धिवादी. हिंदुस्थानच्या प्रश्नाचे मूळ धर्मभेदात आहे, असे त्यांनी पुस्तक लिहून सांगितले. ते कोणालाच फारसे रुचण्यासारखे नव्हते. १९५६ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी आपला विदर्भ मुंबई राज्यात आला. १९२३ च्या कायद्याच्या वेळी नागपूर मध्यप्रांतात होते, त्यामुळे तो इकडे लागू नव्हता.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यांतल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. आज शाळेची इमारत परिषदेची, शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून आणि शिक्षकभरती राज्याच्या 'पवित्र' संकेतस्थळावरून. वर्गाला शिक्षक का नाही, हे विचारायला पालक परिषदेच्या सदस्याकडे जातात, आणि सदस्य मुंबईकडे बोट दाखवतो.