विजापुरातील कुजबुज

संसाराच्या धबडग्यात पती-पत्नींचे बोलणे हळूहळू किराणा, मुलांची फी आणि औषधांच्या वेळा यांपुरतेच उरते. आपलेही तसे झाले असेल, तर सवड काढून दोघेच विजापूरला, म्हणजे आजच्या विजयपूरला, जाऊन या.

सकाळी दार उघडताच गोलघुमट गाठा. सतराव्या शतकातील ही मुहम्मद आदिलशहाची कबर. कोपऱ्यातील सातमजली मनोऱ्याचा जिना अरुंद आहे, पायऱ्याही उंच आहेत. ज्याला लवकर धाप लागते त्याने पुढे चालावे, दुसऱ्याने त्याच्या गतीने मागून यावे. मध्ये थांबण्यात कमीपणा नाही. उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण येतो, म्हणून भिंतीचा आधार घ्यावा. हृदयविकार असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे.

वर घुमटाच्या आतून गोल सज्जा आहे. तेथे समोरासमोर, भिंतीलगत बसा. मध्ये सुमारे ३८ मीटरांची पोकळी असते. तरीही भिंतीशी कुजबुजलेला शब्द वक्र भिंतीच्या कडेने पलीकडच्या कानी पोहोचतो. गर्दी झाली, की आरोळ्यांत तो हरवतो. घरी राहून गेलेले एखादे वाक्य येथे बोला. ऐकणाऱ्याने उत्तराची घाई करू नये.

दुपारी विश्रांती घ्या. ऊन उतरल्यावर इब्राहिम रोजाच्या बागेत सावकाश फिरा.

घरी परतल्यावर तो घुमट नसेल. तेव्हा रोज जेवणानंतर थोडा वेळ दूरचित्रवाणी बंद ठेवा. हलका आवाज तेथेही ऐकू येईल.