चूल विझली, दम राहिला

आपल्याकडे साठीच्या बाईला दम लागला की कारणं तयारच असतात. वजन वाढलंय, रक्त कमी आहे, पित्त आहे, गुडघ्यांमुळे चालणं होत नाही. यातलं काहीच लागू पडलं नाही तर ‘वय झालं आता’. माझ्या बाबतीत ही सगळी कारणं सहा वर्षं आळीपाळीने वापरून झाली. २०११ मध्ये बेळगावच्या खडेबाजारातून भाजीची पिशवी घेऊन येताना मी वाटेत दोनदा थांबू लागले, २०१४ मध्ये चारदा. दर थंडीत खोकला, छातीत घरघर, एक इंजेक्शन, पाच दिवसांच्या गोळ्या आणि खोकल्याची बाटली, हा क्रम दिवाळीच्या फराळासारखा ठरूनच गेला होता. कुणी दमा म्हणालं, कुणी ॲलर्जी. शेजारच्या काकूंनी तर मृगाला हैदराबादला जाऊन औषधाचा जिवंत मासा गिळून यायचा सल्ला दिला. मासे मला आवडतात, पण जिवंत नव्हेत!

आजाराचं खरं नाव कळलं ते २०१७ च्या नोव्हेंबरात. छातीच्या डॉक्टरांनी एका नळीत जोराने फुंकायला लावलं. स्पायरोमेट्री म्हणतात त्या तपासणीला. नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळी हवा एका दमात बाहेर फेकायची. त्यानंतर औषधाचा फवारा देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. दम्यात औषधानंतर आकडा बहुतेक वेळा चांगला सुधारतो. माझा जेमतेम हलला. माझ्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी बाईने पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर टाकायला हवी, त्याच्या ४६ टक्केच मी टाकत होते. डॉक्टरांनी कागदावर चार इंग्रजी अक्षरं लिहिली, सीओपीडी. मग समजावून सांगितलं, ‘श्वासाच्या नळ्या आतून सुजून अरुंद झाल्या आहेत आणि टोकाचे बारीक वायुकोश झिजलेत. हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर येत नाही. झालेली झीज भरून येणार नाही. पुढची झीज कमी करणं आणि आहे त्या फुप्फुसांतून जास्तीत जास्त काम करून घेणं, हे आपल्या हातात आहे.’

नंतर आमच्या यांच्याकडे बघून त्यांनी विचारलं, ‘बिडी, मिसरी?’ हेच प्रश्न त्याआधी दोन दवाखान्यांत मला विचारून झाले होते, आणि नाही म्हटल्यावर ‘खरं सांगा बाई’ असंही ऐकून झालं होतं. या डॉक्टरांनी मात्र पुढचा प्रश्न विचारला, ‘मग चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला?’

मी हिशेब मांडला. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. नवव्या वर्षापासून चुलीपुढे बसले. आमच्या भागात पावसाळ्याचे चार महिने जळण कोरडं म्हणून मिळत नाही. ओली लाकडं चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळवायची आणि अर्धी वाळली की जाळायची. त्यांचा धूर कसा असतो हे ज्याने फुंकणी हातात घेतलीय त्यालाच ठाऊक. फुंकणीने फुंकायचं म्हणजे आधी तोच धूर छातीत भरून घ्यायचा! १९७९ मध्ये लग्न होऊन निपाणीला आले. अकरा माणसांचं घर. चुलीला वैल, शेजारी आंघोळीच्या पाण्याचा बंब. जळणाला शेणी, तुराट्या, उसाची चिपाडं. सकाळी अडीच तास, संध्याकाळी दोन तास. स्वयंपाकघराला एकच खिडकी, तीही सासूबाई बंद ठेवायच्या, कारण वाऱ्याने भाकरी करपते. गॅस आला १९९३ मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं झाली. बंब त्यानंतरही बरीच वर्षं धगधगत होता, तो मी धरलाच नाही.

त्यात निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव. हंगामात वखारींकडून वारा आला की अख्खी गल्ली शिंकायची. दारोदारी बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या. अशा गावात खोकल्याला आजार कोण म्हणणार? खोकणारी बाई म्हणजे कामाची बाई, एवढंच.

‘तुम्ही एकट्या नाही,’ असं डॉक्टर म्हणाले तेव्हा वाटलं, धीर द्यायला म्हणत असतील. पण २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात भारतातल्या श्वसनविकारांचा मोठा अभ्यास आला. त्यानुसार देशात १९९० मध्ये या आजाराचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, ते २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाखांवर गेले. या आजाराच्या ओझ्यातला निम्म्याहून अधिक वाटा हवेच्या प्रदूषणाचा होता, घराबाहेरच्या आणि चुलीच्या धुराचाही. तंबाखूचा वाटा सुमारे एक चतुर्थांश. पुण्याचे डॉ. संदीप साळवी हे धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या सीओपीडीबद्दल पुष्कळ आधीपासून लिहीत आले आहेत. २००९ मध्येच त्यांनी आणि इंग्लंडच्या पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये यावर लेख लिहिला होता. तरीही दवाखान्यात बाईला पहिला प्रश्न बिडीचाच येतो. माझं म्हणणं एवढंच, की बिडीचं विचारा, पण चुलीचंही विचारा.

नाव कळल्यावर औषध बदललं. गोळ्या-इंजेक्शनांच्या जागी पंप आला आणि घरात चिंता पसरली. थोरल्या नणंदेचा फोन आला, ‘पंप नको गं, सवय लागते. शेवटचा उपाय असतो तो.’ हा समज आपल्या भागात फार खोल रुजलेला आहे. खरं म्हणजे पंपाचं औषध थेट श्वासनळीत उतरतं म्हणून मात्रा अगदी थोडी लागते. गोळीचं तसं नाही, ती अंगभर फिरते. चष्मा रोज लावला म्हणून त्याचं कुणी व्यसन म्हणत नाही. पंपाचंही तसंच आहे.

पण पंप घेणं ही कला आहे, बरं का! दवाखान्यातून मिळालेला कागद इंग्रजीत होता, मागे कन्नड. कन्नड मला बोलता येतं, वाचताना अडखळते. शिकवायला एक गोकाककडची तरुण नर्स होती. ‘निधान, निधान,’ म्हणजे सावकाश, असं म्हणत ती माझ्या पाठीवर हात ठेवायची. माझ्या शेजारी चंदगडच्या एक आजी होत्या. त्यांना कन्नड अजिबात कळत नव्हतं. नर्स म्हणाली, ‘उसिर बिडरी,’ म्हणजे श्वास सोडा. आजी ताडकन उठल्या. ‘बिडी? माझ्या बापजन्मात नाही ओढली!’ नर्सला मराठी थोडं, आजींना कन्नड शून्य, मध्ये दुभाषी मी, आणि हसून हसून मलाच दम लागला.

त्या दिवशी घरी येऊन मी वहीच्या पानावर मराठीत ठळक अक्षरांत लिहिलं आणि कपाटाच्या दाराला चिकटवलं. पंप हलवून घ्या. आधी श्वास पूर्ण सोडा. नळी, म्हणजे स्पेसर, ओठांत घट्ट धरा. पंप एकदा दाबा आणि सावकाश, खोल श्वास घ्या. मनात दहा आकडे होईपर्यंत रोखून धरा. दुसरा दाब लागलीच नको, अर्धा-एक मिनिट थांबा. शेवटी चूळ भरून थुंका, कारण औषधात स्टेरॉइड असेल तर तोंड येतं. पावडरीची कॅप्सूल टाकून ओढायचं यंत्र असेल तर नियम उलटा, श्वास जोरात आणि झपकन ओढायचा. हे दोन्ही गोंधळून घेणारे पुष्कळ आहेत. औषध जिभेवरच राहतं, आणि मग ‘पंपाने काही फरक पडत नाही’ असं होतं. त्या पानाच्या झेरॉक्स मी तिथल्या सात-आठ जणींना दिल्या. चंदगडच्या आजींनी आपली प्रत देवघरात लावलीय म्हणे.

औषधाइतकाच फरक पडला तो व्यायामाने. दम लागणारी बाई बसून राहते, बसल्याने पायांची ताकद जाते, ताकद गेली की चार पावलांत दम लागतो, म्हणून ती आणखी बसते. या चक्रातून सोडवणाऱ्या व्यायामवर्गाला पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणतात. मी आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा गेले. पहिल्या दिवशी सहा मिनिटं चालवून अंतर मोजलं, २४० मीटर. खुर्चीतून उठ-बस, एक-एक किलोच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन हात वर, आणि ओठ शीळ घातल्यासारखे चिमटून हळूहळू श्वास सोडणं. नाकाने आत दोन आकडे, ओठांतून बाहेर चार आकडे. साधं वाटतं, पण अडकलेली हवा त्याने बाहेर निघते. जिना चढताना आता मी पाऊल उचलते ते श्वास सोडतानाच. आठव्या आठवड्याला अंतर आलं ३१५ मीटर. फुंकण्याचा आकडा मात्र तिथल्या तिथेच होता. फुप्फुसं तीच, पण खडेबाजार पुन्हा माझा झाला.

त्या वर्गातल्या आम्ही सहा जणी अजून एकमेकींना फोन करतो. एकीच्या रक्तातला ऑक्सिजन विश्रांतीतही ८८ च्या खाली असतो. तिला दिवसाचे पंधरा तासांहून अधिक घरी यंत्राने ऑक्सिजन घ्यावा लागतो. गावात वीज गेली की तिच्या मुलाची धावपळ होते, म्हणून आता इन्व्हर्टर आणि जोडीला एक सिलिंडर ठेवलाय. कोरोनाच्या वर्षांत, २०२० नंतर, घरोघरी बोटाला लावायचं यंत्र आलं, आणि दम लागला की ऑक्सिजन लावा असं लोक सुचवू लागले. दम आणि ऑक्सिजन कमी होणं ही एकच गोष्ट नव्हे. माझा आकडा ९४ असतो, मला ऑक्सिजन लागत नाही. ज्यांना लागतो त्यांनीही मनाने वाढवायचा नसतो. काही रुग्णांच्या रक्तात त्याने कार्बन डायऑक्साइड साठतो.

घरच्यांचं काय, असं मैत्रिणी विचारतात. औषधांचा खर्च मुलगा करतो, फ्लूची लस दरवर्षी आठवणीने टोचून आणतो, न्यूमोनियाचीही घेतलीय. जनऔषधी केंद्रात काही पंप स्वस्तात मिळतात, तिथे आमचे हे स्वतः रांगेत उभे राहतात. कफ पिवळा-हिरवा झाला किंवा दम एकाएकी वाढला तर काय करायचं ते डॉक्टरांनी लिहून दिलंय. तो कागद फ्रिजवर आहे. पैसा आणि कागद यांची व्यवस्था लवकर झाली. अवघड गेलं ते बारीकसारीक. सूनबाई मिरचीची फोडणी देताना आता ‘आई, बाहेर बसा’ म्हणते. उदबत्तीवर मात्र सहा महिने वाद झाला. यांची पूजा उदबत्तीशिवाय पुरी होत नसे. शेवटी फुलं आणि निरांजन यावर तडजोड झाली. डासांच्या कॉइलीच्या जागी मच्छरदाणी आली. दिवाळीत मी खिडक्या लावून घरात बसते. नातवाला याचं वाईट वाटतं, तेव्हा तो फुलबाज्या गल्लीच्या टोकाला नेतो.

राहता राहिलं माहेर. माझी वहिनी सत्तरीची आहे. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, त्यानंतर तिच्याही घरी सिलिंडर आला. तो जुन्या लुगड्याचं आवरण घालून कोपऱ्यात ठेवलेला. कारण विचारलं तर म्हणाली, ‘वन्सं, भरून आणायला पैसे लागतात, गाडी लागते. जळण रानात फुकट आहे. आणि पावसात चूल पेटली नाही तर भिंतींना बुरशी येते.’ तिचं एकही कारण खोटं नव्हतं. चुलीविरुद्ध भाषणं देणाऱ्यांनी एकदा आमच्याकडचा आषाढ घरात काढून बघावा. पण बोलताना ती तीनदा थांबली होती, ते मला ओळखीचं होतं.

गेल्या मार्गशीर्षात भाच्याला सांगून तिला बेळगावला आणलं आणि त्या नळीत फुंकायला लावलं. तोच आजार निघाला, पण माझ्यापेक्षा सौम्य. तिचा आकडा ६८. ‘म्हणजे तुमच्यासारखंच की,’ एवढंच ती म्हणाली. सिलिंडरचा खर्च मी आणि भाचा निम्मा-निम्मा करतो. परसदारी तीन बाजूंनी उघडी पडवी काढून चूल तिथे हलवली. आंघोळीचं पाणी आणि तांदळाची भाकरी अजून चुलीवरच होते. गॅसवरच्या भाकरीला चव नाही यावर ती ठाम आहे, आणि त्यावर मी वाद घालत नाही. रोजचा भात, आमटी, चहा मात्र गॅसवर.

पुढच्या महिन्यात तिची पुन्हा तपासणी आहे. शेजारच्या दोघींनाही घेऊन येते म्हणालीय. त्या दोघीही वर्षानुवर्षं खोकतात. तपासणीचं यंत्र मंगळवारी आणि शुक्रवारीच चालू असतं, तेव्हा तिघींचे नंबर मला आधी लावून ठेवायचे आहेत.