सोरायसिस लागट नाही! मग कातडीवर खपल्या येतात कशानं?

लग्नाची पंगत बसली होती. आमच्या शेजारच्या वस्तीवरचे एक काका शर्टाच्या बाह्या खाली ओढत कडेला बसले. कोपरावर लालसर चट्टे, त्यावर पांढऱ्या खपल्या. शेजारच्यानं ते पाहिलं आणि पत्रावळ उचलून पलीकडं सरकला. काका न जेवताच उठले.

काकांना सोरायसिस आहे. शिवल्यानं, पंगतीला बसल्यानं, एका टॉवेलनं अंग पुसल्यानं हा आजार लागत नाही. नायटा लागतो, कारण ती बुरशी आहे. सोरायसिस हा कुणाकडून कुणाला जाणाऱ्या बुरशीचा किंवा जंतूचा आजारच नाही. मग होतं काय?

चोर नाही, तरी आरडाओरडा

रात्री गावात चोर आल्याची अफवा उठते. एक दुसऱ्याला फोन करतो, दुसरा चौघांना. सगळे काठ्या घेऊन बाहेर. चोर सापडत नाही, पण धावपळीत आपलंच उभं पीक तुडवलं जातं. सोरायसिसमध्ये कातडीत हेच घडतं.

आपल्या शरीराची राखण पांढऱ्या पेशी करतात. त्या एकमेकींना निरोप धाडतात तो बारीक प्रथिनांच्या रूपात. त्यांना सायटोकाईन म्हणतात. जखमेभोवती लाली आणि सूज येते ती या निरोपांमुळंच. काम झालं की निरोप थांबतात. सोरायसिसमध्ये ते थांबत नाहीत.

यातलं इंटरल्यूकिन-23 हे प्रथिन काही पांढऱ्या पेशींना सतत चेतवत ठेवतं. त्या पेशी इंटरल्यूकिन-17 सोडतात. टीएनएफ नावाचं तिसरं प्रथिन आगीत तेल ओततं. मग कातडीच्या पेशी भराभर वाढतात आणि उलट निरोप धाडून आणखी राखणदार बोलावतात. एरवी नवी पेशी तळातून वर येऊन गळायला साधारण महिना लागतो. इथं काही दिवसांतच पेशी वर येतात. त्या कच्च्या पेशींचा थर साचतो, त्याच खपल्या.

मूळ कल काही अंशी घराण्यातून येतो. घशाचा संसर्ग, मनावरचा ताण, दारू, सिगारेट-बिडी, काही औषधं यांनी आजार उसळतो. काम करताना खरचटलं तर तिथंही नवा चट्टा उठू शकतो. हेच निरोप सांध्यातही सूज आणतात. म्हणून बोटं सुजली, सकाळी सांधे आखडले, तर डॉक्टरांना जरूर सांगा.

इलाज आहे, पण पुडीत नाही

आजार मुळासकट जात नाही, पण ताब्यात राहतो. त्यासाठी मलम आहे, प्रकाशाचा उपचार आहे, गोळ्या आहेत. मेथोट्रेक्सेट ही गोळी या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. गरोदरपणात ती चालत नाही.

आजार जास्त असेल तर नवी इंजेक्शनं आहेत. ती नेमका एकच निरोप वाटेत अडवतात. सेक्युकिनुमॅब इंटरल्यूकिन-17 ला, तर अडॅलिमुमॅब टीएनएफला अडवतं. ही इंजेक्शनं महाग आहेत. शिवाय आधी टीबीची तपासणी करावी लागते. कारण शरीरात दबून बसलेल्या टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवायला टीएनएफच लागतं.

काकांनी आधी बाजारातून बिननावाच्या पुड्या आणल्या होत्या. पंधरा दिवसांत कातडी साफ! पुड्या संपल्या आणि चट्टे दुपटीनं आले. अशा काही औषधांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. ते सगळेच निरोप एकदम दाबतं. अचानक बंद केलं की आजार उसळी मारतो. कधी अंगभर पू भरलेले फोड येतात, कधी सगळं अंग लाल होतं. तेव्हा दवाखाना गाठायलाच लागतो.

म्हणून मंडळी, चट्टा दिसला की पुडी शोधू नका, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. नायटा आहे की सोरायसिस, ते तेच ठरवतील. मेडिकलमधून मनानं ट्यूब आणू नका.

काकांचा इलाज आता तालुक्याला सुरू आहे, चट्टे बरेच कमी आहेत. पुढच्या पंगतीला ते दिसले तर ताट घेऊन त्यांच्या शेजारी बसा. त्यासाठी काही डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.