वाळू सरकती राहू दे!

वाळूच्या टेकड्या म्हटल्या की आपल्याला जैसलमेर आठवते, फार तर सहारा. पण कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताच्या उत्तर टोकाला, ऐन सूचिपर्णी जंगलांच्या मुलखात, अथाबास्का सरोवराच्या दक्षिण काठाने सुमारे १०० किलोमीटर वाळूच वाळू आहे. पावसाअभावी झालेले हे वाळवंट नव्हे. हिमयुग ओसरताना वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने वालुकाश्माचा भुगा सरोवरात आणून टाकला. सुमारे ८,००० वर्षांपूर्वी सरोवराचे पाणी उतरले, वाळू उघडी पडली आणि वाऱ्याने तिचा ताबा घेतला. काही टेकड्या ३० मीटर उंच आहेत.

याच वाळूत 'डेशॅम्प्सिया मॅकेन्झीआना' हे झुबक्यांनी वाढणारे गवत उगवते. या सरोवराचा परिसर, जवळजवळ एवढेच त्याचे जग. त्याचा पूर्वज 'डेशॅम्प्सिया सेस्पिटोसा' मात्र उत्तर गोलार्धातल्या ओलसर कुरणांत मुबलक सापडतो. पूर्वजाच्या पेशीत सहसा २६ गुणसूत्रे, तर याच्या पेशीत ५२! वनस्पतींमध्ये पेशीविभाजन कधीकधी फसते आणि गुणसूत्रांचा अख्खा संच दुप्पट होतो. अशा रोपाचा मूळ जातीशी संकर झाला, तरी संतती बहुधा वांझ निघते. त्यामुळे नवी जात वेगळी पडायला लाखो वर्षे थांबावे लागत नाही. ही जमीनच बर्फाखालून अलीकडे मोकळी झाली, तेव्हा हे गवतही भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी कालपरवाचे असावे. उत्क्रांती म्हणजे डायनासोरच्या काळातली गोष्ट, असे मानणाऱ्यांनी हे गवत जरूर ध्यानात घ्यावे.

एरवी सरकती वाळू दिसली की आपण ती बांधायला निघतो. राजस्थानात इस्रायली बाभूळ लावून टेकड्या थोपवल्या, कारण तिथे गावे आणि शेते गाडली जात होती. अथाबास्काच्या काठी तोच उपाय घातक ठरेल. वाळू स्थिरावली की शेजारचे जंगल आत शिरते, सावली धरते आणि उघड्यावर वाढणाऱ्या या गवताची जागा बळकावते. वाळू अंगावर घेण्याची इतर बहुतेक झाडांना न जमणारी कला, हीच त्याची खरी मिळकत.

१९९२ पासून हा भाग संरक्षित उद्यान आहे. तिथवर रस्ता नाही. पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने किंवा होडीने जावे लागते. ही गैरसोय दूर करायच्या फंदात कुणी पडू नये. या गवताला झाडे लावणारे हितचिंतक नकोत, वाहता वारा पुरे आहे.