पाणी ओसरल्यावरचे भोर-वेल्हे

मुलांच्या परीक्षा आटोपतात, शाळांना सुट्टी लागते. पण घरातील नोकरदार मंडळींना मे महिन्यात आठ-पंधरा दिवसांची सलग रजा मिळेलच असे नाही. मग कोकण आणि महाबळेश्वरचे बेत मनातच राहतात आणि शुक्रवारी रात्री जेवणाच्या पानावर 'उद्या कुठेतरी जाऊन येऊ' असा विषय निघतो. पुणेकरांच्या बाबतीत या 'कुठेतरी'चे उत्तर अनेकदा भोर आणि वेल्हे हे असते. कारण साधे आहे. भोर पुण्यापासून सुमारे पन्नास किलोमीटर, तर वेल्हे साठ किलोमीटरच्या आसपास. शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री परत येता येते आणि सोमवारी कामावर जाताना अंगात थोडी शक्तीही शिल्लक राहते.

या दोन तालुक्यांची (वेल्हे तालुक्याचे नाव २०२५ मध्ये अधिकृतपणे 'राजगड' असे झाले आहे) ख्याती मुख्यत्वे पावसाळी सहलींसाठी आहे. मढे घाटातील धबधबा, धुक्यात बुडालेला तोरणा, वरंध घाटातील हिरवाई ही सारी जुलै-ऑगस्टची दृश्ये. मे महिन्यात गेलेल्याला मात्र हा मुलूख ओळखू येत नाही. डोंगर करडे पडलेले असतात, ओढे कोरडे असतात आणि धरणांचे पाणी मैलोन् मैल मागे हटलेले असते. या हटलेल्या पाण्यातच इथल्या उन्हाळ्याची गंमत आहे आणि धोकाही.

भाटघर धरणाचेच उदाहरण घ्या. वेळवंडी नदीवर पहिले धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधले गेले. ते अपुरे पडू लागल्यावर त्याच्या खालच्या अंगाला आजचे मोठे धरण उभे राहिले. १९२८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या धरणाला मुंबईचे गव्हर्नर लॉईड यांचे नाव देण्यात आले होते. आज त्याचा जलाशय येसाजी कंक यांच्या नावाने ओळखला जातो. साठवण सुमारे साडेतेवीस टीएमसी. हे पाणी मात्र भोरकरांच्या वाट्याला फारसे येत नाही. ते नीरा नदीतून वीर धरणापर्यंत जाते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडील शेतीला मिळते. उन्हाळी आवर्तन सुरू झाले की भाटघरची पातळी भराभर उतरते. पूर्वेकडच्या उसाची तहान भागते तेव्हा पश्चिमेकडच्या खोऱ्यात जुनी शेते, पडक्या भिंती आणि बुजलेल्या पाऊलवाटा वर येऊ लागतात.

वेळवंड खोऱ्यात कांबरे गावाजवळ कांबरेश्वराचे मंदिर असेच वर येते. वर्षातील बहुतेक महिने हे शिवमंदिर जलाशयाच्या पोटात असते. मे महिन्यात पाणी पुरेसे खाली गेले की ते उघडे पडते आणि आसपासच्या गावांतील मंडळी दर्शनाला येतात. गावकरी मंदिराचा संबंध पांडवांशी जोडतात; सह्याद्रीतील बहुतेक जुन्या देवळांची तीच कथा असते, त्यामुळे तिला इतिहास मानण्याचे कारण नाही. पण जवळपास शंभर वर्षे दर पावसाळ्यात पाण्याखाली जाऊन पुन्हा वर येणारे देऊळ मुलांना दाखवावे, असे नक्कीच आहे. धरण म्हणजे काय, त्यासाठी कोणाची जमीन गेली आणि पाणी कोणाला मिळाले, हे तेथे उभे राहून पाच मिनिटांत सांगता येते. मात्र मंदिर कोणत्या आठवड्यात मोकळे होईल, हे त्या वर्षीच्या पाणीसाठ्यावर अवलंबून असते. त्यामुळे निघण्यापूर्वी गावात चौकशी केलेली बरी.

आता धोक्याविषयी. १९ मे २०२२ रोजी भाटघरच्या जलाशयात नऱ्हे गावाजवळ नात्यातील पाच महिलांचा बुडून मृत्यू झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत या भागातील धरणांवर अशा घटना पुन्हा पुन्हा घडतात आणि प्रत्येक वेळी 'पाण्याचा अंदाज न आल्याने' हे एकच वाक्य वाचायला मिळते. हा अंदाज का येत नाही, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

धरण भरलेले असते तेव्हा पाण्याची कड डोंगराच्या उतारावर किंवा जुन्या शेतांवर असते. पातळी उतरत जाते तशी ही कड मूळ नदीपात्राकडे सरकते. मे महिन्यात पर्यटक ज्या सपाट, मोकळ्या काठावर उभे असतात, तो बऱ्याचदा नदीच्या जुन्या थडीजवळचा भाग असतो. चार पावले गुडघाभर पाणी लागते आणि पाचव्या पावलाला थडी संपून खोल पात्र सुरू होते. त्यातच वर्षानुवर्षे साठलेला गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसतो, पण पाण्याखाली तो लोण्यासारखा मऊ असतो. पाय रुततो, तो काढण्यासाठी दुसऱ्या पायावर भार दिला की तोही रुततो. काठाजवळ गाळ-माती उपसून केलेले खड्डे असतील, तर तेही पाण्याखाली दिसत नाहीत. आणखी एक गोष्ट म्हणजे उन्हाने तापलेले कोमट पाणी केवळ वरच्या थरात असते. खाली ते एकदम थंडगार लागते. नवख्या माणसाचा श्वास तेथेच अडखळतो.

कुटुंबाच्या सहलीत एकाच वेळी अनेक जण दगावतात, त्यामागे मायाही असते. एक बुडू लागला की दुसरा हात द्यायला धावतो, त्याला धरायला तिसरा. साडी किंवा जाड पँट भिजली की अंगावर ओझे होते. म्हणून बुडणाऱ्याकडे धावण्याऐवजी दोर, ओढणी किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकावा, असे जाणकार सांगतात. गाडीत वीस-पंचवीस फूट दोर टाकायला खर्च तो किती? त्याहून सोपे म्हणजे जलाशय काठावरूनच पाहावा. ज्यांना पाण्यात पाय सोडून बसायचेच आहे, त्यांनी त्या जागेची माहिती असलेल्या गावकऱ्याला आधी विचारावे. 'इथं उतरू नका' असे तो म्हणाला, तर त्यावर वाद घालू नये.

वेल्ह्याकडचा रस्ता महामार्गावरील चेलाडी फाट्याला वळतो. नसरापूरजवळचे बनेश्वर हा पहिला थांबा. नानासाहेब पेशव्यांच्या काळातील या देवळाभोवती दाट झाडी असून भर दुपारीही तेथे गारवा असतो. लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील, तर शनिवारची दुपार येथेच घालवावी आणि गडाचा विचार सोडून द्यावा.

राजगडाचा समावेश जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाल्यापासून त्याविषयीचे कुतूहल वाढले आहे. शिवाजी महाराजांची राजधानी सुमारे पाव शतक येथे होती, हे शाळेत शिकलेल्या मुलांना गड पाहायचाच असतो. पण मे महिन्यात राजगड किंवा ४,६०३ फूट उंचीचा तोरणा चढायचा, तर पायथ्याहून उजाडतानाच निघाले पाहिजे. दोन्ही गडांच्या वाटांवर सावली थोडी आणि तापलेला कातळ फार. मुलांसह जाणाऱ्यांनी राजगडाला गुंजवण्याहून चोर दरवाजाच्या उभ्या वाटेने न जाता पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट धरावी. वाटेत गावकरी ताक आणि लिंबू सरबत विकतात. ते जरूर घ्यावे, पण त्याच्या भरवशावर पाणी कमी नेऊ नये. माणशी तीन लिटर हे जास्त वाटले तरी परतताना बाटल्या रिकाम्याच असतात. गडावरील टाकी या दिवसांत तळाला गेलेली असतात, त्यांत हात-पाय धुणे अगदीच गैर. कड्यांना लागलेल्या आग्या मोहोळांखाली धूर करणे, फटाके उडवणे किंवा आरडाओरडा करणे जिवावर बेतू शकते. उग्र अत्तर लावून चढणेही टाळावे.

भोरकडे ज्यांना गड हवा आहे, पण दमणूक नको, त्यांच्यासाठी रायरेश्वर आहे. स्वराज्याच्या शपथेची परंपरा सांगणाऱ्या या पठारावर आजही जंगम मंडळींची घरे आहेत. चढ थोडा, लोखंडी शिडी एक, आणि वर गेल्यावर वारा भरपूर. भोरचा राजवाडा चित्रपटांमुळे अनेकांच्या ओळखीचा आहे. तो वाटेवरच आहे.

या दिवसांत डोंगरउतारावर धूर दिसला, तर तो वणवाच असेल असे नाही. भाताची रोपे तयार करण्यासाठी शेतकरी शेण, पालापाचोळा आणि फांद्या पसरून जमीन भाजतात; त्याला राब भाजणे म्हणतात. त्यावर लक्ष ठेवायला माणूस उभा असतो. पर्यटकाने टाकलेल्या सिगारेटच्या थोटकावर किंवा न विझवलेल्या चुलीवर मात्र कोणाचेच लक्ष नसते आणि वाळलेले गवत एका दुपारीत अख्खा डोंगर काळा करते.

गावांतही हे दिवस लगबगीचे असतात. जत्रांसाठी पुण्या-मुंबईची चाकरमानी मंडळी घरी आलेली असतात, आंबे-फणस उतरलेले असतात, करवंदांच्या पाट्या रस्त्याकडेला मांडलेल्या असतात. एखाद्या घरी आधी सांगून ठेवले, तर पिठले-भाकरी, ठेचा आणि भात असे जेवण मिळते. धरणांच्या या मुलखातच काही वाड्या-वस्त्यांना मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे ठाऊक असलेला पाहुणा हात धुतानाही नळ बेताने सोडेल.

परतीसाठी रविवारी दुपारी जेवून लगेच निघावे. सूर्यास्त पाहून निघणाऱ्यांची खेड शिवापूर ते कात्रज या टप्प्यात कोंडी ठरलेली. स्वतःची गाडी नसेल, तर स्वारगेटहून भोर आणि वेल्हे दोन्हीकडे एसटी जाते. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र उतरल्याबरोबर विचारून घ्यावी.