प्रसाधनांचा रसायनज्ञ आणि त्याचे ध्येय

रसायनशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडलेला मुलगा औषधांच्या कारखान्यात लागला, म्हणजे घरची माणसे ती बातमी चारचौघांत अभिमानाने सांगतात. खतांच्या अथवा पोलादाच्या कारखान्यात लागला, तर देशाच्या कामाला आपलाही हातभार लागला असे समजून समाधान मानतात. पण तोच मुलगा, अथवा घरातील मुलगी, क्रीम, शांपू आणि लिपस्टिक तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत रुजू झाली, की बातमी सांगणाऱ्याच्या ओठांवर किंचित हसू उमटते. ‘एवढे शिकून शेवटी पावडरच का?’ हा प्रश्न कोणी उघड विचारतो, कोणी मनात ठेवतो. आणि श्रोतेहो, खरी अडचण अशी, की चारपाच वर्षे नोकरी झाल्यावर हाच प्रश्न त्या तरुण रसायनज्ञाच्या स्वतःच्या मनातही डोकावू लागतो. पगार मिळतो, बढती मिळते. परंतु आपल्या कामाचा अर्थ काय आणि पुढे गाठावयाचे ते काय, हे त्याला नीट सांगता येत नाही. त्या प्रश्नाचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे शास्त्र उथळ आहे, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक साधे कोल्ड क्रीम घेतले, तरी त्यात केवढा तरी विचार भरलेला असतो. मधमाश्यांचे मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी एकत्र घोटून असा लेप करण्याचे श्रेय इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गेलन या वैद्याला दिले जाते. तेल आणि पाणी ही जन्माची वैरी. त्यांना एकत्र नांदावयास लावणे म्हणजे पायस तयार करणे होय. आणि ते पायस दोन वर्षे न फुटता टिकविणे ही त्याहून अवघड गोष्ट. आपल्यासारख्या देशात तर ही परीक्षा अधिकच कठीण. तीच डबी जानेवारीत सिमल्याच्या दुकानात गारठते आणि मे महिन्यात नागपूरच्या उन्हात मालमोटारीत तापते. म्हणून रसायनज्ञ आपला नमुना चाळीस-पंचेचाळीस अंश सेल्सिअस उष्णतेत महिनोन्‌महिने ठेवतो, मध्येच तो गोठवितो, पुन्हा तापवितो आणि पाणी सुटते का, वास उतरतो का, रंग बदलतो का, हे पाहत बसतो. शिवाय जेथे पाणी आले तेथे जंतू आणि बुरशी ही आलीच. त्यांना रोखील, पण कातडीला दुखविणार नाही, एवढ्याच मात्रेत परिरक्षक द्रव्य घालावे लागते. या सर्व कामाला भौतिक रसायन, सूक्ष्मजंतुशास्त्र आणि त्वचाविज्ञान यांची उत्तम जाण हवी. मुंबई विद्यापीठाच्या १९३३ साली स्थापन झालेल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे आजच्या माटुंग्याच्या संस्थेत, किंवा १९४२ साली उभ्या राहिलेल्या नागपूरच्या लक्ष्मीनारायण संस्थेत तेलांचे तंत्रज्ञान ज्यांनी शिकून घेतले, त्यांना या कामाची खोली वेगळी सांगावयास नको.

तथापि काम बुद्धीचे आहे एवढ्याने ते अर्थपूर्ण ठरत नाही. बुद्धिबळातही बुद्धी लागते. मग या व्यवसायाचा अर्थ शोधावयाचा कोठे? माझ्या मते तो जाहिरातीतील सुंदर चेहऱ्यात नसून, डबी उघडणाऱ्या माणसाच्या विश्वासात आहे. औषध आपण आजारपणी घेतो, वैद्याच्या सल्ल्याने घेतो आणि बरे वाटले की बंद करतो. प्रसाधन मात्र निरोगी माणूस रोज, वर्षानुवर्षे, कोणालाही न विचारता वापरतो. नवजात बालकाच्या अंगालाही ते लागते. म्हणजे जेथे सल्ला देणारा कोणी मध्ये उभा नाही, तेथे सगळी जबाबदारी ते तयार करणाऱ्यावर येते.

ही जबाबदारी विसरली गेली म्हणजे काय होते, याची साक्ष इतिहास देतो. १९७२ साली फ्रान्समध्ये बालकांच्या अंगाला लावावयाच्या एका पावडरीत हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक चुकून फार मोठ्या प्रमाणात मिसळले गेले आणि छत्तीस बालके दगावली. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात पापण्यांना लावावयाच्या एका रंगाने काही स्त्रियांची दृष्टी गेली. अशा घटनांनी लोकमत जागे झाले आणि १९३८ च्या कायद्याने तेथे प्रसाधनेही सरकारी नियंत्रणाखाली आली. आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० सालचा. त्यात प्रसाधनांचा समावेश १९६२ च्या दुरुस्तीने झाला आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम २०२० साली लागू झाले. या नियमांतील कित्येक कलमे वाचताना कोरडी वाटतात. परंतु त्यांच्यामागे कोणाचे तरी डोळे, कोणाचे तरी मूल उभे आहे, हे ज्या रसायनज्ञाला दिसते, त्याला तपासणीचा कागद भरणे हे कंटाळवाणे काम वाटत नाही.

फार दूर जावयाचे कारण नाही. आपल्या घरातील करंड्यातच पाहा. हळदीला क्षाराचा स्पर्श झाला की ती लाल होते, हे ज्ञान आपल्या आज्यापणज्यांना होते आणि जुन्या पद्धतीचे कुंकू त्यातूनच तयार होई. पुढे स्वस्त रंग बाजारात आले आणि कपाळावर खाज व डाग दिसू लागले. नंतर चिकटवावयाच्या टिकल्या आल्या. त्यांच्यापैकी काहींच्या चिकीत पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचे द्रव्य असे. ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाच मारक ठरते. त्यामुळे टिकलीच्या जागी बरोबर तेवढाच पांढरा डाग पडलेल्या स्त्रिया त्वचारोगतज्ज्ञांकडे येऊ लागल्या. ज्या समाजात पांढरा डाग दिसला की लग्न मोडते, त्या समाजात एका चिकीच्या निवडीवर एका मुलीचे आयुष्य अवलंबून असू शकते. सुरम्याची गोष्टही तशीच. पुष्कळ ठिकाणी तो शिशाच्या खनिजापासून करतात आणि तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत घालतात. ते शिसे पोटात गेले तर मुलाच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते. निर्धोक काजळ, निर्धोक कुंकू, निर्धोक टिकली, आणि तीही गरिबाला परवडेल अशा किमतीत, हे काम क्षुल्लक आहे असे कोण म्हणेल?

आता याहून नाजूक प्रश्नाकडे वळू. वस्तू निर्धोक असली, तरी तिच्याविषयी जे सांगितले जाते ते खरे आहे का? आपल्या देशात गोऱ्या कातडीचे वेड जुने आहे आणि त्या वेडावर मोठा व्यापार उभा राहिला. १९७५ साली बाजारात आलेल्या एका सुप्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द २०२० साली वगळण्यात आला. म्हणजे मध्ये पंचेचाळीस वर्षे गेली. या काळात सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही, वर मिळत नाही, असे सुचविणाऱ्या जाहिराती घरोघरी पोहोचल्या. त्याहून वाईट म्हणजे रंग उजळण्यासाठी पारा घातलेली मलमे चोरीछुपे विकली गेली. पाऱ्याने मूत्रपिंडे बिघडतात. २०१७ साली अमलात आलेल्या मिनामाता कराराने अशा प्रसाधनांवर जगभर बंदी आणण्याचे पाऊल उचलले. प्रयोगशाळेत बसलेला रसायनज्ञ म्हणेल, ‘जाहिरात मी लिहीत नाही.’ हे खरे. परंतु जाहिरातीतील प्रत्येक विधानाला पुरावा कोणता, हे विचारण्याचा अधिकार आणि ज्ञान त्याच्याजवळच असते. क्रीमने त्वचेतील ओलावा किती वाढला, हे मोजता येते. उन्हापासून किती संरक्षण मिळाले, हेही मोजता येते. क्रीमने माणसाची योग्यता वाढते, हे मात्र कोणत्याही उपकरणाने मोजता यावयाचे नाही. जे मोजता येते तेवढेच बोलू, असा आग्रह धरणारा एक माणूस संस्थेत असला, तरी पुष्कळ असत्य वेशीबाहेर राहते.

यावरून ध्येयाच्या प्रश्नाकडे येऊ. पुष्कळ तरुण ध्येय म्हणजे हुद्दा असे समजतात. पाच वर्षांत प्रमुख व्हावयाचे, दहा वर्षांत संचालक. हुद्द्याची इच्छा असण्यात गैर काही नाही. परंतु हुद्दा देणे हे दुसऱ्याच्या हाती असते. ध्येय असे असावे, की जे गाठण्याचे बहुतेक साधन आपल्या हाती आहे आणि गाठले की नाही हे स्वतःला ओळखता येते. येथे दोन उदाहरणे आठवतात.

पहिले अमेरिकेतील हेझेल बिशप या बाईंचे. १९२९ साली त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली. पुढे त्यांनी त्वचारोगतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत काम केले आणि युद्धकाळात खनिज तेलाच्या कंपनीत. त्यांच्यापुढील प्रश्न अगदी लहान होता: कपाला किंवा कपड्याला न लागणारी, ओठांवरच टिकणारी लिपस्टिक करता येईल का? नोकरी सांभाळून घरच्या स्वयंपाकघरात तीनशेहून अधिक प्रयोग केल्यावर त्यांना उत्तर सापडले आणि १९५० साली ती लिपस्टिक बाजारात आली. पुढे भागीदाराशी तंटा होऊन स्वतःच्याच नावाची कंपनी त्यांच्या हातून गेली. त्यांचे ध्येय केवळ मालकी हेच असते, तर त्या तेथेच संपल्या असत्या. पण ज्ञान कोणी काढून घेऊ शकले नाही. उतारवयात त्या न्यूयॉर्कच्या एका संस्थेत विद्यार्थ्यांना शिकवीत राहिल्या.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातील. पहिल्या महायुद्धात म्हैसूर संस्थानातील चंदनाचे लाकूड युरोपला जाईनासे झाले आणि त्याचे ढीग पडून राहिले. महाराजा कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने बंगळूरला चंदनाचे तेल काढण्यास आरंभ झाला. त्यापाठोपाठ सोसले गरलपुरी शास्त्री या रसायनज्ञाला साबणाचे शास्त्र शिकण्यासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. त्यांनी परत येऊन जो चंदनी साबण सिद्ध केला, तो आजही विकला जातो. येथेही ध्येय मोघम नव्हते. आपल्या मातीत जे पिकते, त्याचा आपल्या लोकांच्या नित्य उपयोगाचा उत्तम पदार्थ करावयाचा, एवढेच ते होते.

या दोन्ही उदाहरणांत ध्येय नेमके होते आणि एका प्रत्यक्ष अडचणीतून निघाले होते. आजच्या तरुण रसायनज्ञानेही असाच मार्ग धरावा. पहिली काही वर्षे त्याने कोणत्या तरी एका विषयात, मग ते पायस असो, रंग असोत वा परिरक्षके असोत, आपला हात पक्का बसवावा. फसलेल्या प्रयोगांची वही यशस्वी प्रयोगांइतक्याच काळजीने ठेवावी. कारण पदार्थ का फुटला हे ज्याला कळले, त्याला तो का टिकला हेही कळते. महिन्यातून एखादा दिवस सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जाऊन बसावे. तेथे त्याला आपल्या व्यवसायाचे दोष दिसतील आणि आपली गरज कोठे आहे हेही दिसेल. कुष्ठरोगातून बरे झालेल्या कित्येकांच्या पायांना घाम येत नाही. कातडी कोरडी पडून भेगा जातात आणि भेगांतून जखमा होतात. त्यांना स्वस्त, स्निग्ध मलम हवे आहे. कोडाने अथवा भाजल्याच्या व्रणांनी जे लोकांत मिसळावयास कचरतात, त्यांना आपल्या भारतीय वर्णांशी जुळणारा, घामाने न ओघळणारा लेप हवा आहे. ज्यांच्या त्वचेत जन्मतःच रंगद्रव्य नाही, त्यांना उन्हापासून वाचविणारे क्रीम ही चैन नसून कर्करोगापासूनचे संरक्षण आहे. यांपैकी एखादा प्रश्न आपला म्हणून निवडावा आणि त्यावर दहा वर्षे खर्च करण्याची तयारी ठेवावी.

आणखी एक यादी त्याने स्वतःशी करावी: आपण काय करणार नाही याची. कधीकाळी सशांच्या डोळ्यांत नवी द्रव्ये घालून त्यांची परीक्षा पाहणे हे या व्यवसायात सर्वमान्य होते. काही लोकांनी ते अमान्य केले, पर्यायी पद्धती शोधल्या. आणि युरोपीय संघाने २०१३ साली प्राण्यांवरील अशा चाचण्यांना पोसणारी विक्री पूर्णपणे बंद केली, तर भारताने २०१४ साली प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास मनाई केली. हा बदल कायद्याने पुरा केला, पण त्याचा आरंभ कोणाच्या तरी नकारातून झाला होता.

या व्यवसायातील यश बहुधा अदृश्य असते, हेही आधीच जाणून असावे. वैद्याला बरा झालेला रोगी नमस्कार करतो. स्थापत्यविशारदाला बांधलेला पूल दाखविता येतो. प्रसाधनाच्या रसायनज्ञाचे यश असे, की लाखो माणसांनी सकाळी डबी उघडली, लेप लावला, आणि कोणालाही काही अपाय झाला नाही. उलट चारचौघांत जाताना त्यांना थोडे बरे वाटले. त्यासाठी कोणी त्याचे नाव विचारणार नाही. परंतु आपल्या हातून बाहेर पडलेली वस्तू आपण आपल्या मुलाच्या अंगाला निःशंकपणे लावू, असे ज्याला रोज संध्याकाळी म्हणता येते, त्याने ‘एवढे शिकून शेवटी पावडरच का?’ या प्रश्नाला भिण्याचे काही कारण नाही.